पुस्तकातला शेवटचा विभाग

(नववी, दहावी आणि पहिल्या पीयूसीच्या मुलामुलींसाठी झालेल्या मार्गदर्शन शिबिरातलं भाषण. वाचायला सोपं जावं म्हणून थोडं नीट केलंय, बाकी बोललेलं तसंच ठेवलंय.)





मला विषय दिलाय 'शाळेतलं व्यवसायाचं शिक्षण'. आधीच सांगते, मी कॉमर्सची विद्यार्थिनी नाही. मी बी.ए. करते, राज्यशास्त्र घेऊन. मग ही पोरगी धंद्याबद्दल काय सांगणार, असं तुम्हाला वाटेल. वाटू दे. राज्यशास्त्रात आम्ही एक प्रश्न सारखा विचारतो : निर्णय कोण घेतं, तो कुठल्या कागदावर लिहिला जातो, आणि ज्याच्यावर तो लागू होतो त्याला तो कागद वाचता येतो का? हा प्रश्न घेऊन मी तुमचं समाज विज्ञानाचं पुस्तक पुन्हा उघडलं आणि सगळ्यात शेवटच्या विभागापाशी थांबले.

तुम्हाला माहीत आहे तो विभाग. आधी इतिहास, मग राज्यशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र आणि सगळ्यात शेवटी व्यवसाय. आठवीत व्यापाराची ओळख आणि व्यवसाय संस्थांचे प्रकार. नववीत व्यवस्थापन आणि हिशेब. दहावीत बँकेचे व्यवहार, उद्योजकता आणि ग्राहक संरक्षण. आता खरं सांगा, हा विभाग तुम्ही कसा वाचता? जानेवारी उजाडतो, पोर्शन संपवायची घाई असते, मग 'हे एवढं पाठ करा, एवढंच येतंय' असं सांगून दोन तासांत तीन धडे उरकतात. व्याख्या, चार गुण, पाच फायदे. परीक्षा झाली की विसरून मोकळे.

मला आज एवढंच म्हणायचंय की हा विभाग असा उरकण्यासारखा नाही. आपल्या दहा वर्षांच्या शाळेत, आपल्या भाषेत, व्यवहाराचे कागद वाचायला शिकवणारी हीच काय ती जागा आहे. खातं, भागीदारी, ठेव, पावती, तक्रार हे शब्द आपल्याला मराठीतून समजावून सांगणारं दुसरं कोणी पुढं भेटेलच असं नाही. आणि हे शब्द तर आपल्या घरात रोज लागतात. इथं बसलेल्यांपैकी कुणाच्या घरी दूध डेअरीला जातं, कुणाचे काजू आहेत, कुणाचे वडील उद्यमबागेत किंवा मच्छेच्या कारखान्यात लेथवर आहेत, कुणाचं वडगाव-शहापुरात मागाचं काम आहे, कुणाची आई बचत गटात आहे. धंदा आपल्या घरात आहेच. त्याच्या कागदावर सही करतो आपण, पण तो कागद वाचतो मात्र दुसरा कोणीतरी.

उद्योजकतेच्या धड्यात उद्योजकाच्या गुणांची यादी असते. जोखीम घेण्याची तयारी, नवं काही करण्याची वृत्ती, नेतृत्व, चिकाटी. ही यादी खोटी नाही, पण अर्धी आहे. का, ते आपल्याच भागातल्या एका माणसावरून सांगते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर. जन्म १८६९, गाव गुर्लहोसूर, म्हणजे आपल्याच बेळगाव जिल्ह्यातलं. चित्रकला शिकायला मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये गेले. रंग ओळखण्यात अडचण आहे हे कळल्यावर चित्रकला सोडून यंत्रांचं ड्रॉइंग शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागले. तिथं बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून बेळगावला भावाकडे आले. बेळगावातलं सायकलचं दुकान ही त्यांच्या धंद्याची सुरुवात, किर्लोस्कर समूह आपला आरंभ १८८८ चा धरतो. मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते अशी त्या वेळच्या शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली म्हणतात. इथपर्यंत गोष्ट पुस्तकातल्या यादीत बसते. जोखीम आहे, नवं काही आहे, चिकाटी तर आहेच आहे.

पण पुढं काय झालं बघा. बेळगावच्या नगरपालिकेनं त्यांना कारखान्याची जागा सोडायला लावली. चालू धंदा, हाताखाली माणसं, आणि पायाखालची जमीन गेली. तेव्हा औंध संस्थानच्या राजांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळरान आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्ज दिलं. १९१० साली तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज बेळगावात किर्लोस्कर रोड आहे, आणि किर्लोस्करवाडी आहे सांगली जिल्ह्यात.

आता मला सांगा, ही गोष्ट नुसती चिकाटीची आहे का? नगरपालिकेचा हुकूम, संस्थानानं दिलेली जमीन, बिनव्याजी कर्ज, रेल्वे स्टेशन. एका कागदानं उद्योग उठला आणि दुसऱ्या कागदानं बसला. लक्ष्मणराव मोठेच होते, पण तेवढीच चिकाटी असलेले आणि औंधचा राजा न भेटलेले किती असतील? त्यांची नावं धड्यात येत नाहीत. म्हणून उद्योजकाचे गुण पाठ करा, मार्क मिळतील. त्याखाली स्वतःच्या पेनानं चार प्रश्न लिहून ठेवा : जमीन कुणाची, परवाना कुणाचा, पैसा कुणाचा, आणि करार कुठल्या भाषेत? उत्तरं शोधायला लागलात की तो धडा खरा सुरू होतो.

आता हिशेबाकडे येऊ. मोठ्या कंपनीचं उदाहरण नको, भडंग घेऊ या. होय, भडंगच.

समजा, तुम्ही दोन मैत्रिणी गावच्या यात्रेत भडंगाची पाकिटं विकायचं ठरवता. चुरमुरे, शेंगदाणे, तेल, लसूण, मसाला मिळून १,१०० रुपये. पाकिटांच्या पिशव्या १०० रुपये. गॅस १५० रुपये. यात्रेतल्या जागेचं भाडं ३०० रुपये. नेण्या-आणण्याचा खर्च १५० रुपये. बेरीज करा. १,८०० रुपये. १०० पाकिटं झाली. एकाची किंमत ठेवली २५ रुपये. यात्रा संपली, ८० पाकिटं गेली, २० उरली. हातात आले २,००० रुपये. घरी येऊन आईला काय सांगाल? '२०० रुपये फायदा झाला.' आई पण म्हणेल, शाब्बास.

थांबा जरा. एक दिवस भडंग करण्यात गेला, एक दिवस विकण्यात. दोघी जणी, दोन दिवस, म्हणजे चार दिवसांचं काम. त्याची मजुरी कुठं लिहिली? दिवसाला ३०० रुपये जरी धरले तरी १,२०० रुपये होतात. खरा खर्च १,८०० नाही, ३,००० आहे. म्हणजे २०० रुपये नफा नाही, १,००० रुपये तोटा झाला. आणि अजून एक गंमत. २५ रुपयांनी ३,००० भरून काढायला १२० पाकिटं विकायला हवीत, आणि तुम्ही केलीच होती १००. सगळीच्या सगळी विकली गेली असती तरी तुम्ही मजुरीत मारच खाल्ला असता. किंमत किमान ३० ठेवायला हवी होती, नाहीतर भाडं तेच असताना जास्त पाकिटं करायला हवी होती. हे यात्रेला जायच्या आधी, वहीच्या एका पानावर कळतं. नववीचा हिशेबाचा धडा याच्यासाठी असतो.

आता हीच वही घरी न्या. दुधाचा हिशेब लिहा. पेंड, कडबा, डॉक्टर लिहाल. पहाटे पाचला उठून शेण काढणारी, धार काढणारी आई कुठल्या रकान्यात आहे? ऊस किंवा भाताचा हिशेब लिहा. बियाणं, खत, ट्रॅक्टर लिहाल. घरच्या चार माणसांची मजुरी? कुठंच नाही. 'घरचीच माणसं, त्यांची कसली मजुरी?' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. या वाक्यामुळं तोटा नफ्यासारखा दिसतो आणि समोरचा व्यापारी सांगेल तो भाव आपल्याला परवडल्यासारखा वाटतो. १९८१ साली निपाणीत शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूचे शेतकरी हायवेवर बसले, ते भावासाठी. रास्त भाव मागायचा असेल तर आधी आपला खर्च छातीठोकपणे सांगता यायला हवा, आणि तो वहीशिवाय सांगता येत नाही. बायकांच्या कामाची किंमत या विषयावर आमच्या वर्गात मोठमोठी चर्चा चालते. तुमच्या वहीत एक रकाना वाढवला की ती चर्चा तुमच्या स्वयंपाकघरात सुरू होईल.

पुढचा धडा व्यवसाय संस्थांचे प्रकार. एकल मालकी, भागीदारी, सहकारी संस्था, कंपनी. सगळ्यांना तक्ता पाठ असतो. मी तो तक्ता माझ्या विषयाच्या चष्म्यातून वाचते. प्रत्येक प्रकारात दोन गोष्टी बघायच्या : निर्णय कुणाचा, आणि बुडालं तर कुणाचं घर जाणार.

एकल मालकीत निर्णय एकट्याचा आणि देणंही एकट्याचं. दुकानाचं कर्ज फिटलं नाही तर घरापर्यंत येतं. भागीदारीतही तसंच, एका भागीदारानं फर्मच्या नावानं केलेलं कर्ज दुसऱ्याच्या घरापर्यंत येऊ शकतं. आपल्याकडे दोन भाऊ किंवा दोन मित्र मिळून टेम्पो घेतात, दुकान टाकतात, कागद काहीच करत नाहीत. 'आपल्यात कसला कागद?' भारतीय भागीदारी कायदा १९३२ चा आहे. त्यात फर्मची नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसली तर फर्मला कराराच्या आधारे बाहेरच्या माणसाकडून वसुलीसाठी कोर्टात दावा लावता येत नाही. भागीदारालाही दुसऱ्या भागीदाराकडून करारातला हक्क कोर्टातून मागता येत नाही. मागता येतं ते मुख्यतः फर्म मोडणं आणि मोडल्यावरचा हिशेब. म्हणजे धंदा चालू असताना भांडण झालं तर कायद्याचं दार बरंचसं बंद. आठवीच्या पुस्तकात ही ओळ छोटी असते, आणि आपल्या गावात तिच्यामुळं सख्खे भाऊ एकमेकांच्या दारात जाईनासे होतात.

कंपनीत जितके शेअर तितकी मतं. सहकारी संस्थेत मात्र एका सभासदाला एक मत, शेअर एक असो की शंभर. म्हणजे सहकारी संस्था ही आपल्या ग्रामपंचायतीसारखीच मतावर चालणारी जागा आहे. आणि सहकार हा आपल्या भागाला नवा नाही. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि १९०५ मध्ये गदगजवळ कणगिनहाळला देशातली पहिली कृषी सहकारी पतसंस्था सुरू झाली. हे गाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. आपल्या घरातली वडीलधारी माणसं कुठल्या ना कुठल्या सोसायटीची सभासद असतात. वार्षिक सभेची नोटीस येते. ती कोण वाचतं? अहवालातला ताळेबंद कोण उघडतं? सभेनंतरचा चहा-उप्पीट तेवढा आठवणीत राहतो. (इथं मागच्या रांगेतले काका हसले, म्हणजे अनुभव आहे.)

एक गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही, ती नीट ऐका आणि आज रात्री घरी सांगा. बँक आणि पतसंस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा असतो. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासकट ५ लाख रुपये आहे. सहकारी बँकांनाही तो लागू आहे. पण पतसंस्था, क्रेडिट सोसायटी, क्रेडिट सौहार्द यांच्या ठेवींना हा विमा नाही. पाटी मोठी असते, काउंटर काचेचा असतो, पासबुक बँकेसारखंच असतं, व्याज अर्धा-एक टक्का जास्त असतं, आणि लग्नासाठी साठवलेले पैसे तिथं ठेवले जातात. चांगल्या चालणाऱ्या पतसंस्था पुष्कळ आहेत, मी कुणाला घाबरवायला आले नाही. पण पैसे ठेवताना 'ही बँक आहे का, ठेवीला विमा आहे का?' हा एक प्रश्न विचारायला काय पडतं? दहावीत 'बँकेचे व्यवहार' शिकलेल्या मुलीनं हा प्रश्न घरात विचारला तर तिचा तो धडा वसूल झाला असं मी म्हणेन.

ग्राहक संरक्षणाच्या धड्याचंही तसंच. २४ डिसेंबर ग्राहक दिन एवढं पाठ असतं, कारण १९८६ चा कायदा त्या दिवसाचा. आता २०१९ चा नवा कायदा आहे, तो २० जुलै २०२० पासून लागू झालाय. त्यात आपल्या कामाची एक सोय आहे. वस्तू कुठूनही घेतलेली असू दे, तुम्ही जिथं राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. कोल्हापुरात घेतलेला मोबाइल असो की गोव्यातून मागवलेली मशीन, तक्रार बेळगावात चालते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. पण एक अट आहे, पावती हवी. पावती मागायला आपण लाजतो.

आता आपल्या हातात आहे तरी आपल्याला दिसत नाही अशा मालमत्तेबद्दल. कोल्हापुरी चप्पल. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग मिळाला. तो आठ जिल्ह्यांना मिळून आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. अथणी आणि निपाणीकडचे कारागीर पिढ्यान् पिढ्या ही चप्पल करतात. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या कंपनीनं मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दाखवल्या आणि सुरुवातीला या भागाचं नावही घेतलं नाही. गलका झाल्यावर घेतलं. तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, मी पण ठेवला. पण स्टेटसनं कारागिराला काय मिळालं? जीआयचं नाव अधिकृतपणे वापरायचं तर कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. अर्ज असतो, पुरावे लागतात. नाव ही मालमत्ता आहे आणि तिचा उतारा वेगळा निघतो, हे चप्पल करणाऱ्या घरातल्या मुलाला शाळेतच कळायला हवं. नाहीतर कातडं आपलं, हात आपला, आणि किंमत ठरवणार तिसराच.

आता भाषेचं. हा मुद्दा टाळून पुढं जाता येणार नाही.

आपण दहावीपर्यंत मराठीतून शिकतो. पीयूसीला कॉमर्स घेतलं की पुस्तक इंग्रजी होतं, नाहीतर कन्नड. पहिल्याच आठवड्यात जर्नल, लेजर, लायबिलिटी, ट्रायल बॅलन्स असे शब्द अंगावर येतात आणि आपली चांगली चांगली मुलं गप्प होतात. सरांनी विचारलं की खाली बघतात. दोन महिन्यांनी म्हणतात, 'मला कॉमर्स झेपत नाही.' मला हे पटत नाही. झेपत नाही ते इंग्रजी, आणि त्याला आपण कॉमर्स म्हणतो.

कारण बघा, अकरावीच्या बिझनेस स्टडीजला कर्नाटकात एनसीईआरटीचंच पुस्तक आहे. त्यात सुरुवातीलाच व्यवसाय संस्थांचे प्रकार आहेत. एकल मालकी, भागीदारी, सहकारी संस्था, कंपनी. म्हणजे तुम्ही आठवीत मराठीत शिकलात तेच थोडं वाढवून. आणि हिशेबाचे शब्द तर आपल्याकडे इंग्रजी यायच्या आधीपासून आहेत. जर्नल म्हणजे रोजकीर्द. लेजर म्हणजे खतावणी. ट्रायल बॅलन्स म्हणजे तेरीज. बॅलन्स शीट म्हणजे ताळेबंद. डेबिट नावे, क्रेडिट जमा. आपल्या पेठांमध्ये मोडीत लिहिलेल्या चोपड्यांतले हे शब्द आहेत. 'माझ्या नावावर लिहा' असं दुकानात सांगता तेव्हा तुम्ही डेबिटच म्हणत असता.

आणि कन्नडबद्दल. काही जण म्हणतील, कन्नड शब्दांचं आता कशाला. मी म्हणते, धंद्याचे शब्द बाजारात तयार होतात आणि बाजार दोन्ही भाषांत भरतो. आपलं भांडवल, त्यांचं बंडवाळ. जमा-खर्च दोन्हीकडे आहे, खातं दोन्हीकडे आहे, ग्राहक तर जसाच्या तसा. भागीदारी म्हणजे पालुदारिके, तोटा म्हणजे नष्ट, एवढे थोडे वेगळे. पंचायतीचा परवाना, तालुक्याची नोटीस कन्नडमध्ये येते. ती आपल्याला मराठीतही मिळावी हे मागणं वेगळं, ते मागत राहू. पण ती मिळेपर्यंत आलेली नोटीस न वाचता ठेवून दिली तर दंड आपल्यालाच बसतो. मराठी पक्की ठेवून दोन भाषांतला कागद वाचणारा माणूस कमी पडत नाही, तो समोरच्यापेक्षा एक पाऊल पुढं असतो.

म्हणून दहावीच्या सुट्टीत एक काम करा. एका वहीत तीन रकाने करा, मराठी, इंग्रजी, कन्नड. आठवी ते दहावीच्या व्यवसाय विभागातले शब्द त्यात लिहा. शंभर-दीडशे शब्द होतील, जास्त नाहीत. आणि जे कॉमर्स घेणार आहेत त्यांच्यासाठी : महाराष्ट्रातल्या अकरावी-बारावीची 'पुस्तपालन व लेखाकर्म' आणि 'वाणिज्य संघटन व व्यवस्थापन' ही मराठी पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट मिळतात. अभ्यासक्रम तंतोतंत एक नाही, पण जमा-नावेचा नियम बेळगावात एक आणि कोल्हापुरात दुसरा असा नसतो. धडा आधी मराठीत समजून घ्या, मग इंग्रजीत लिहा. पाठांतर निम्म्यावर येईल.

शेवटचं एक उदाहरण आणि मग थांबते. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात छोट्या दुकानदारांना, टपरीवाल्यांना जीएसटीच्या नोटिसा आल्या. यूपीआयवर जमा झालेली रक्कम बघून त्या काढल्या होत्या. मोठा गोंधळ झाला, बेंगळूरमध्ये कित्येकांनी 'फक्त रोख' अशा पाट्या लावल्या. नंतर सरकारनं खुलासे केले, भाजी, फळं, दूध अशा करमुक्त मालाला कर नाही वगैरे. वस्तूंच्या विक्रीला वर्षाला ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही हेही अनेकांना तेव्हा कळलं. पण विचार करा, नोटीस आल्यावर ज्याच्याकडे रोजची वही होती तो सांगू शकत होता की हे विक्रीचे, हे मेव्हण्यानं परत केलेले उसने, हा भिशीचा हप्ता. ज्याच्याकडे वही नव्हती आणि घर-दुकान एकाच खात्यात होतं, त्याला सगळंच विक्रीसारखं दिसणारं स्टेटमेंट घेऊन उभं राहावं लागलं. वही ही साधी गोष्ट आहे, पण सरकारसमोर बोलताना तीच तुमची साक्षीदार असते.

त्याचप्रमाणं उद्यम नोंदणी. १ जुलै २०२० पासून छोट्या धंद्यांची ही नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. कुणी त्यासाठी पाचशे-हजार मागत असेल तर ती त्याची दलाली, सरकारची फी नाही. मुद्रा कर्जात 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंत रक्कम बिनतारण असते. खाण्याचा पदार्थ विकायचा तर एफएसएसएआयची नोंदणी लागते, आपल्या भडंगालाही. हे सगळं नाडकचेरीतून जातीचा दाखला काढण्याइतपतच अवघड आहे, जास्त नाही. दाखला काढायला आपण शिकलोच की.

मी तुम्हाला सगळ्यांनी धंदा करा असं सांगायला आले नाही. कुणी शिक्षक व्हाल, कुणी नर्स, कुणी सैन्यात जाल, कुणी पुण्या-मुंबईला किंवा गोव्याला कामाला जाल. पण पगाराची स्लिप, कामाचा करार, घरभाड्याचा कागद, कर्जाचा अर्ज या सगळ्यांवर सही तुमचीच असणार आहे.

तर घरी जाऊन तीन गोष्टी करा. घरातल्या एका व्यवहाराचा, दूध असो, दुकान असो, शिलाई मशीन असो, एक महिना हिशेब लिहा आणि त्यात घरच्यांची मजुरी धरा. घरातल्या ठेवी कुठं आहेत आणि त्यांना विमा आहे का ते विचारा. आणि तीन रकान्यांची वही सुरू करा. सर, बाई, तुम्हालाही एक विनंती आहे. शेवटचा विभाग यंदा जानेवारीवर न ढकलता एकदा ऑगस्टमध्ये घेऊन बघा. एखाद्या तासाला गावातल्या सोसायटीचा वार्षिक अहवाल वर्गात आणा. पुस्तकातल्या ताळेबंदापेक्षा मुलं तो जास्त लक्ष देऊन वाचतील, कारण त्यात त्यांच्या आजोबांचे शेअर आहेत.

आता प्रश्न विचारा. भडंगाच्या हिशेबात माझी कुठं बेरीज चुकली असेल तर तेही सांगा.